आमची वाटचाल : दांडिया बाजारातील दोन खोल्या

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात 2011 साली आम्ही पती-पत्नींनी फिजिओथेरपी केंद्र सुरू केले, तेव्हा दोन भाड्याच्या खोल्या आणि कॉलेजात शिकलेले व्यायाम एवढेच भांडवल होते. पक्षाघाताच्या रुग्णाचे हातपाय हलवून द्यायचे, शेक द्यायचा आणि घरच्यांच्या हाती व्यायामाचा छापील कागद ठेवायचा, असा आमचा शिरस्ता होता. मोजमाप कशाचेच नसल्याने रुग्ण सुधारला की श्रेय आमचे, अशी समजूत होती.

2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पक्षाघातावरील ‘अटेंड’ या भारतीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे शिक्षण दिले होते. तरीही सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच निघाले. घरच्यांची माया वाया जाते, असा अर्थ मी आजही काढत नाही. पण आमच्या कागदावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला. जमिनीवर पट्टी चिकटवून 10 मीटर चालण्याची वेळ दर पंधरवड्याला नोंदवायला आम्ही तेव्हापासून लागलो.

त्याआधी एक मोठी चूक झाली होती. चांगला हात मोज्यात अडकवून अधू हाताकडून काम करून घेण्याच्या पद्धतीविषयी मी वाचले होते. 222 रुग्णांवरील 2006 च्या ‘एक्साइट’ अभ्यासात तिचा लाभ दिसला होता. मात्र मनगट आणि बोटे किमान 10 अंश स्वतःहून उचलता येणाऱ्यांनाच त्यात घेतले होते, ही अट मी नजरेआड केली. ज्यांचे मनगट मुळीच उचलत नव्हते, अशा एका आजोबांचा चांगला हात मी बांधला. ते जेवणाच्या ताटासमोर रडले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांची माफी मागायचे राहूनच गेले.

आता मनगट मोजल्याशिवाय मोजा चढत नाही. गेल्या हिवाळ्यात एका काकूंनी उजव्या हाताने मटार सोलले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार शेंगा, चौदाव्या दिवशी एकतीस. त्यांच्या सुनेने तो हिशेब वहीत उतरवला. छापील कागद बंद झाला असून प्रत्येक घरी आता अशीच एक वही जाते.