प्रिंट एकाचं, ओळ दुसऱ्याची: रनटाइम लायब्ररीत लॉक बसवताना

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलचे एक सर अजून फोर्ट्रान (आकडेमोडीसाठीची जुनी प्रोग्रामिंग भाषा) शिकवतात, आणि त्यांच्या लॅबमध्ये आमचा कंपाइलर, म्हणजे त्या भाषेतला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, चालतो. आम्ही म्हणजे नोकऱ्या सांभाळून हा उद्योग करणारे चार-पाच मित्र. त्यातली रनटाइम लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालताना प्रिंट आणि फाइलींसारखी कामं करणारा भाग, माझ्याकडे. सरांनी भट्टीच्या भिंतीतल्या तापमानाचा प्रोग्राम ओपनएमपी (काम वाटून एकदम चालवायची सोय) लावून चार थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांवर, पळवला आणि स्क्रीनचा फोटो पाठवला:

कप्पा 17 तापकप्पा 4 तापमान 61.30
मान 58.75

खाली एवढंच: "हे काय तुमचं?"

आकडे बरोबर होते, ओळी फाटलेल्या होत्या. फोर्ट्रानमध्ये प्रत्येक उघड्या फाइलला एक युनिट नंबर असतो, स्क्रीनला बहुधा 6. युनिटमागे एक बफर (लिहायचा मजकूर तात्पुरता साठवायची जागा) आणि 'ओळीत कुठवर लिहिलंय' याची नोंद. दोन थ्रेड एकदम त्या बफरवर तुटून पडले की हेच होणार. लायब्ररी लिहिली गेली तेव्हा आमच्या कंपाइलरमध्ये थ्रेडच नव्हते, त्यामुळे लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, नावालाही नव्हता.

लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये आहे, मग त्याच भाषेचा तयार म्युटेक्स (लॉकचंच एक नाव) का नको? कारण फोर्ट्रानचा प्रोग्राम लिंक करताना, म्हणजे त्याचे तुकडे जोडताना, सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी लागणार नाही, असा आमचा सुरुवातीपासूनचा शब्द आहे. तो म्युटेक्स दिसायला हेडरपुरता, पण लॉक घेताना काही चुकलं तर एक्सेप्शन (चुकीचा इशारा) फेकतो आणि त्या फेकण्यामागे अख्खी लायब्ररी येते. म्हणून छोटा लॉक-क्लास स्वतःच लिहायचा ठरवलं: लिनक्स आणि मॅकवर आत पीथ्रेडचा (तिथल्या थ्रेड लायब्ररीचा) म्युटेक्स, विंडोजवर क्रिटिकल सेक्शन हा तिथला लॉक. घे, सोड, जमलं तर घे. तीन फंक्शनं, एका बैठकीचं काम. हे टाइप करायला खरंच एक बैठक पुरते. पुढची सगळी भानगड त्या फंक्शनांच्या नावात न दिसणाऱ्या गोष्टींची आहे.

सुरुवात जन्मापासून. पीथ्रेडचा म्युटेक्स कंपाइल होतानाच तयार अवस्थेत ठेवता येतो. क्रिटिकल सेक्शनला मात्र चालू प्रोग्राममध्ये कुणीतरी इनिशियलाइझ करावं लागतं. ते काम ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरवर (प्रोग्राम सुरू होतानाच चालणाऱ्या कोडवर) सोपवलं, तर दुसऱ्या कुणाच्या कन्स्ट्रक्टरमधून फोर्ट्रानचं सबरूटीन आधीच बोलावलं गेलं की संपलं. विंडोज व्हिस्टापासून दोन सोयी आल्या: एकदाच चालणारं इनिशियलायझेशन आणि एसआरडब्ल्यू नावाचा हलका लॉक. दुसरा फक्त एका पॉइंटरएवढा असतो आणि शून्य भरलं की तयार. मी एसआरडब्ल्यूच घेतला. त्याची दुसरी बाजूही मला सोयीची होती, ती पुढे.

आता मुख्य दुखणं. प्रिंटचं वाक्य प्रोग्रामरला एक दिसतं, पण कंपाइलर त्याचे तुकडे करतो: 'सुरू कर', 'हा आकडा घे', 'हाही घे', 'संपव'. प्रत्येक तुकडा म्हणजे रनटाइममधलं वेगळं फंक्शन. ओळ अखंड राहायची तर पहिल्या तुकड्यात घेतलेला लॉक शेवटच्या तुकड्यातच सुटला पाहिजे. फंक्शन संपलं की आपोआप सुटणारा लॉक इथे कामाचा नाही. आणि या दोन टोकांच्या मध्ये वापरणाऱ्याचा कोड चालतो! प्रिंटच्या यादीत एखादं फंक्शन असेल आणि त्या फंक्शनमध्ये डीबगिंगसाठी टाकलेला आणखी एक प्रिंट असेल, तर तोच थ्रेड स्वतःच्या हातातल्या लॉकची वाट बघत बसतो. त्याच युनिटवर असं आतून लिहिणं फोर्ट्रानच्या मानकात बसत नाही, हे खरं. पण पोरं लिहितात. आणि त्यांना दिसतं काय, तर गप्प बसलेला प्रोग्राम.

गंमत अशी, की गप्प बसतो तो लिनक्सवर. क्रिटिकल सेक्शन त्याच थ्रेडला पुन्हा आत घेतो, आपल्याच घरात शिरायला कुणी बेल वाजवत नाही तसा. त्यामुळे तो वापरला असता तर तोच प्रोग्राम विंडोजवर निमूट पुढे गेला असता आणि बाहेरची अर्धी ओळ आतल्या ओळीत मिसळली असती. पुण्यातला आमचा एक गडी म्हणाला, "मग सगळीकडे रिकर्सिव्हच करून टाक की, हाय काय अन् नाय काय!" पीथ्रेडमध्ये तशी, म्हणजे त्याच थ्रेडला पुन्हा आत घ्यायची, सोय आहेच. पण मला ते पटलं नाही. अडकलेला प्रोग्राम निदान कळतो तरी. चुकीची फाइल मात्र थेट रिपोर्टात जाऊन बसते. मला दोन्ही नको होतं. सगळ्या प्लॅटफॉर्मवर एकच वागणूक हवी होती: त्याच थ्रेडने तेच युनिट पुन्हा मागितलं तर युनिट नंबरासकट स्पष्ट एरर देऊन थांबायचं. म्हणून पुन्हा आत न घेणारा एसआरडब्ल्यू मला सोयीचा.

पण एरर द्यायची तर लॉक कुणाकडे आहे हे कळायला हवं. पीथ्रेडमध्ये तपासणी करणारा म्युटेक्स मिळतो, विंडोजवर त्याला जोड नाही. मग मालकाची नोंद आपणच ठेवायची. थ्रेडचा आयडी साठवावा तर पीथ्रेडच्या आयडीत 'कुणीच नाही' असं सांगणारी किंमत नसते, आणि तो साधा आकडाच असेल याचीही हमी नाही. यावर मला आवडलेली युक्ती अशी: प्रत्येक थ्रेडला एक बाइटचा थ्रेड-लोकल, म्हणजे फक्त त्याच्याच मालकीचा, व्हेरिएबल द्यायचा आणि त्याचा पत्ता हीच ओळख धरायची. जिवंत थ्रेडांमध्ये हा पत्ता कधी सारखा नसतो, आणि शून्य म्हणजे कुणीच नाही. लॉक मिळाला की नोंद लिहायची, सोडायच्या आधी पुसायची. नोंद अ‍ॅटॉमिक हवी, म्हणजे कुणाला ती अर्धवट लिहिलेली दिसता कामा नये. दुसऱ्या कुणाचा पत्ता वाचताना तो शिळा असला तरी बिघडत नाही, कारण माझा पत्ता तिथे माझ्याशिवाय कुणी लिहूच शकत नाही.

हीच नोंद आणखी एका ठिकाणी कामी आली. प्रिंटच्या मधेच एरर आली की रनटाइम प्रोग्राम संपवतो, आणि संपवताना सगळी युनिटं बंद करतो, म्हणजे प्रत्येकाचा लॉक मागतो. त्यातला एक आपल्याच हातात! आता संपवणारा कोड आधी बघतो: माझाच आहे का? असेल तर लॉक न घेता बफर रिकामा करतो. दुसऱ्याचा असेल तर 'जमलं तर घे' आणि नाही जमलं तर पुढे.

युनिटांच्या टेबलालाही लॉक लागतो, आणि दोन लॉक आले की क्रम आला. टेबलचा लॉक हातात धरून युनिटच्या लॉकची वाट बघायची नाही, हा नियम केला. पण टेबल सोडून युनिटच्या दारात उभं राहिलो आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ते युनिट बंद करून मेमरी परत केली तर? म्हणून टेबल सोडण्याआधी युनिटवर 'कुणीतरी थांबलंय' असा आकडा वाढवायचा. बंद करणारा तो बघून फक्त 'बंद' अशी खूण ठेवतो, मेमरी शेवटचा थांबलेला सोडतो. हे कागदावर मांडल्याशिवाय लिहू नये.

चाचणी लिनक्सवर थ्रेड सॅनिटायझरने (थ्रेडांमधल्या चुका पकडणाऱ्या साधनाने) झाली. तिथे एकच गोष्ट नडली: लॅबमधल्या जुन्या लिनक्सवर स्टॅटिक लिंक केलेला (लायब्ररी आतच भरलेला) प्रोग्राम पहिल्याच लॉकला कोसळला. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) 2.34 मध्ये, म्हणजे ऑगस्ट 2021 ला, पीथ्रेड मुख्य सी लायब्ररीत आलं. त्याआधी ते वेगळं असायचं. आमच्या बिल्डमध्ये पीथ्रेडची नावं वीक, म्हणजे सापडली नाहीत तरी चालतील अशी, ठेवलेली, त्यामुळे लिंकरने ती आणलीच नाहीत आणि कॉल शून्य पत्त्यावर गेला. नावं पक्की केली, विषय संपला.

विंडोजसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चुलतभावाचा टॉवेलचा कारखाना गाठला. ऑफिसात लूमची धडधड, त्यात हिशेबाचा पीसी. "दादा, टॅली बंद करू का? पण जीएसटीचं काही उडवू नको, अण्णा मारतील." टॅली बंद झाली, टेस्ट लावल्या. ओळी अखंड, आतल्या प्रिंटला नीट एरर. पण एका टेस्टमध्ये फाइलच्या शेवटच्या काही ओळी गायब, आणि तक्रार कसलीच नाही.

कारण विंडोजच्या संपण्याच्या पद्धतीत होतं. प्रोसेस संपताना विंडोज आधी बाकीचे थ्रेड जागच्या जागी मारतं, मग डीएलएलना (प्रोग्रामला जोडलेल्या लायब्ररींना) निरोप देतं. मारलेल्या थ्रेडच्या हातात युनिटचा लॉक असेल तर तो सोडणारा कुणी उरत नाही. आमचा कोड 'जमलं तर घे' म्हणायचा, जमायचं नाही, आणि बफर तसाच राहायचा. अर्ध्यात मारलेल्या थ्रेडचा बफर लॉकशिवाय लिहून टाकावा असंही एक मत निघालं; मी नको म्हणालो, कारण त्या बफरच्या नोंदी कुठल्या अवस्थेत आहेत कुणास ठाऊक.

उपाय रनटाइममध्ये नव्हता, कंपाइलरमध्ये होता. फोर्ट्रानच्या मुख्य प्रोग्रामचा मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) आम्हीच तयार करतो, तेव्हा त्याच्या शेवटी, थ्रेड जिवंत असतानाच, युनिटं बंद करणारा कॉल घातला. तिथे लॉकसाठी नीट थांबता येतं, कारण धरणारा थ्रेड काम संपवून सोडतोच. प्रोग्राम थांबवणाऱ्या स्टॉपच्या वाक्यालाही तेच. ज्यांचा मेन सी भाषेत आहे आणि फोर्ट्रान फक्त सबरूटीनपुरतं, त्यांना तो कॉल स्वतः करावा लागेल. तशी ओळ मॅन्युअलमध्ये घातली, आणि तिच्यासोबत सहा ओळींचं उदाहरण.