मटेरिअलाइज्ड व्ह्यू ताजा ठेवताना

मटेरिअलाइज्ड व्ह्यू म्हणजे क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल; तो ताजा करण्याला रिफ्रेश म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधा रिफ्रेश चालू असताना तो व्ह्यू वाचताही येत नाही. वाचणाऱ्या क्वेरी कुलूप (लॉक) सुटेपर्यंत ताटकळतात. आवृत्ती ९.४ पासून रिफ्रेशला ‘कन्करंटली’ जोडता येतं, मग वाचन अडत नाही. त्यासाठी व्ह्यूवर निदान एक युनिक इंडेक्स (एकही मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) लागतो, तोही फक्त कॉलमांवर आणि ‘व्हेअर’ अटीशिवाय. पण यात काम कमी होत नाही! मूळ क्वेरी पुन्हा पूर्ण चालते, मग जुन्या-नव्या ओळींची तुलना होते. कोट्यवधी ओळींत दहाच बदलल्या तरी तेच.

म्हणून रोजच्या विक्रीच्या बेरजांसाठी मला वेगळं सारांश टेबल आणि ट्रिगर (मूळ टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) हाच मार्ग पटतो. ट्रिगर प्रत्येक ओळीमागे नको, प्रत्येक स्टेटमेंटमागे ठेवा. आवृत्ती १० पासून बदललेल्या सगळ्या ओळी ट्रान्झिशन टेबलात एकत्र मिळतात. मात्र इन्सर्ट, अपडेट, डिलीटसाठी तीन स्वतंत्र ट्रिगर लिहावे लागतात. अपडेटमध्ये जुनी रक्कम वजा, नवी अधिक. तारीख बदलली असेल तर दोन्ही दिवसांच्या ओळी बदलतात, हे हमखास विसरलं जातं.

सरासरी साठवू नका. बेरीज आणि संख्या साठवा. संख्या शून्यावर आली की ती ओळ काढायची. किमान-कमाल मात्र अवघड: सर्वांत मोठी रक्कमच डिलीट झाली तर त्या गटापुरतं मूळ टेबल पुन्हा वाचावंच लागतं, तिथे गट आणि रक्कम यांवर इंडेक्स हवा.

एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अनेक गट बदलत असतील तर सारांशाच्या ओळींना आधी कीच्या (ओळ ओळखणाऱ्या कॉलमाच्या) क्रमाने ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने कुलूप लावा, नाहीतर डेडलॉक होऊ शकतो, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या कुलपांसाठी अडकून बसतात.