आमची वाटचाल : काचेवर ‘पुरात बुडालेली’ लिहून विकलेल्या सहा गाड्या

२००६ च्या दसऱ्याला मी आणि मिस्त्रींनी मिळून परत विकण्यासाठी पहिली जुनी गाडी घेतली. १९९८ ची मारुती ८००, पांढरी, एमएच-०९ पासिंग, तिसरा मालक, ६२ हजार रुपये. त्यातले चाळीस माझे आणि बावीस त्यांचे. मी तेव्हा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. मिस्त्री उद्यमनगरात दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवायचे. मला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि त्यांना कागद वाचायचा कंटाळा. तेवढ्यावर भागीदारी जमली. ती गाडी आम्ही बावीस दिवसांनी ७४ हजारांना विकली. घेणाऱ्याला मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, "क्लच प्लेट सहा महिन्यांत टाकाय लागणार, अडीच हजार बाजूला ठेवा." मला त्या दिवशी राग आला होता. सौदा मोडला असता. पण मोडला नाही, आणि तोच माणूस पुढं आपल्या मेव्हण्याला घेऊन आला.

मिस्त्रींची हत्यारं मोजकी. जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल चुंबक, फडक्यात गुंडाळलेलं. दीड फुटी स्क्रू-ड्रायव्हर. दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च. चुंबक दरवाजाच्या कडेनं, चाकाच्या कमानीवरून, डिकीच्या खालून फिरवायचं. जिथं पत्र्याऐवजी पुट्टी, म्हणजे खड्डा बुजवायचा लेप, भरली असेल तिथं ते हातातून निसटतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मग ते डोळे मिटायचे आणि आम्ही सगळे गप्प. "बोलतीया बघा, दोन नंबरचा टॅपेट ढिला हाय." २०१४ साली मी रंगाची जाडी मोजायचं मीटर आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर आणला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवतो. एखाद्या दरवाजावर ३०० आलं तर रंग परत मारलाय आणि ६००-७०० आलं तर आत पुट्टी आहे, असं धरायचं. मीटरनं सांगितलेलं आणि चुंबकानं सांगितलेलं आजवर एकदाही वेगळं निघालेलं नाही. तरी गिऱ्हाईक आकड्यावर विश्वास ठेवतं, म्हणून दोन्ही वापरतो.

आता गुरुजींबद्दल लिहिलंच पाहिजे. २००९ मध्ये कागल तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक आले. सगळं मिळून एक लाख साठ हजार, त्यातले लाखभर पतसंस्थेचं कर्ज. बरोबर आई होती. गुडघे गेलेले, नऊवारी, हातात काठी. गुरुजींच्या मनात लाल रंगाची एक अल्टो भरली होती. मिस्त्री म्हणाले, आधी आईंना बसवा. अल्टोत त्या बसल्या, पण उठताना दोघांनी दोन हात धरावे लागले. ८०० मध्ये तर बसल्याच नाहीत. मग कोपऱ्यात उभी असलेली २००३ ची राखाडी वॅगन आर उघडली. सीट उंच, दार मोठं. त्या काठी गुरुजींकडं देऊन स्वतः बसल्या, स्वतः उतरल्या, आणि परत एकदा बसून बघितलं. म्हणाल्या, "ह्यात पोराचा हात लागत न्हाई." सौदा तिथंच झाला. मी तेव्हापासून सांगतो, घरची गाडी घेताना घरातलं सगळ्यात अवघड माणूस बरोबर आणा. म्हातारी आई, उंच पोरगा, बाळंतीण सून, ज्याला त्रास होणार त्याला बसवून बघा. ॲव्हरेज आणि रंग घरी जाऊन बोला.

गुरुजींची गाडी एक लाख अडतीस हजारांत दिली. उरलेल्या बावीस हजारांतून त्यांनी चार टायर, बॅटरी, विमा आणि नाव ट्रान्सफरचा खर्च भागवला. हा हिशेब मी आजही गिऱ्हाइकापुढं वहीवर मांडतो. तीन लाख असतील तर गाडी दोन सत्तरपर्यंतची बघायची. हातात असलेले सगळे पैसे गाडीत घालणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यात वायपर आणि ब्रेक पॅडसाठी उधार मागतो, हे मी खूप वेळा बघितलंय.

२०१० ते २०१८ धंदा चांगला चालला. गाड्यांच्या यार्डासाठी जागा भाड्यानं घेतली, व्हीनस कॉर्नरच्या पलीकडं, जयंती नाल्याच्या अंगाला. दोन पोरं कामाला ठेवली.

शेजारचे सांगायचे, २००५ च्या पुरात पाणी आमच्या गेटच्या दोन हात अलीकडं थांबलं होतं. ती खूण आम्ही ब्रह्मवाक्य मानली, तिथंच घात झाला. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ. ५ ऑगस्टला सोमवारी नागपंचमी, दोन्ही पोरं गावाकडं. यार्डात चौदा गाड्या. संध्याकाळी मी आणि मिस्त्रींनी पाच गाड्या राजारामपुरीच्या चढावर नेऊन लावल्या. सहाव्या गाडीसाठी परत आलो तेव्हा गेटजवळ घोट्याएवढं पाणी होतं. पाणी खालून, गटारीतून वर येत होतं. मिस्त्रींनी माझ्या हातातली चावी काढून घेतली. "आता एकालाबी स्टार्टर मारायचा न्हाई. इंजिनात पाणी असलं तर रॉड वाकतोय." पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबता येत नाही. ती चावी त्यांनी काढून घेतली म्हणून निदान काही इंजिनं वाचली. पुढच्या दोन दिवसांत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कोल्हापूर तुटलेलं, आणि आमच्या नऊ गाड्या छतापर्यंत पाण्यात. मागच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे.

पाणी ओसरल्यावर गाडीचं दार उघडलं तेव्हाचा वास मी विसरणार नाही. सीटच्या फोममध्ये काळा गाळ, डॅशबोर्डच्या मागं गवत, हेडलाइटमध्ये पाणी साठून माशांच्या काचेच्या भांड्यासारखं झालेलं.

मग विम्याचा कागद काढला. नऊपैकी सहा गाड्यांना फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, त्यात पुराचं काही मिळत नाही. तिघींना पूर्ण विमा होता, पण जुन्या मालकांच्या नावावर. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडं जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग चौदा दिवसांत नाव बदलून घेतल्याशिवाय मिळत नाही. आम्ही दिवाणजी असून हा कागद वाचला नव्हता. चूक माझी, मिस्त्रींची नाही. विमा कंपनीच्या साहेबानं ज्या पद्धतीनं फाइल माझ्याकडं सरकवली ते मात्र अजून डोळ्यांपुढं आहे. नऊ गाड्यांत आमचे एकवीस लाख चाळीस हजार अडकले होते. तुम्ही सेकंड हॅण्ड गाडी घेतली असेल आणि विम्याच्या कागदावर अजून जुन्या मालकाचं नाव असेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं ते काम करा.

तीन गाड्या सुट्या भागांसाठी उद्यमनगरात दिल्या. सहा गाड्या मिस्त्रींनी पूर्ण खोलल्या. सीट, कार्पेट, वायरिंग, सगळं बाहेर काढलं, ऑइल तीन तीन वेळा बदललं. चार महिन्यांत सहाही गाड्या चालू झाल्या. त्यानंतर माझा आणि मिस्त्रींचा एक दिवस वाद झाला, तेरा वर्षांतला एकमेव. मी म्हणालो, आता गाडी चांगली झाली, विचारलं तर सांगू. ते म्हणाले, वायरिंगच्या जोडात गेलेलं पाणी आज दिसत नाही. आठ-दहा महिन्यांनी हिरवा गंज धरतो आणि गाडी कुठंही बंद पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर सहाही गाड्यांच्या काचेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं : पुरात बुडालेली. अक्षर मिस्त्रींचं. मी पुसलं नाही.

त्या सहा आणि भंगारातल्या तीन मिळून आमच्या हातात सात लाख पंच्याऐंशी हजार आले. २०१४ ची डिझेल स्विफ्ट आम्ही तीन नव्वदला घेतली होती, ती एक पंचावन्नला गेली. तोटा भरायला पाचगावचा प्लॉट विकला.

आमच्याच रस्त्यावर आणखी एक यार्ड होतं. नाव घेणार नाही. त्यांच्याही गाड्या पाण्यात होत्या, मी स्वतः बघितलेल्या. दिवाळीपर्यंत त्या वाफेनं धुऊन, नवीन कार्पेट टाकून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या. आणि आमच्या गेटवरून आत वळणाऱ्या माणसाला तिथली पोरं सांगायची, "तिकडं पुरातल्या गाड्या मिळत्यात, त्यांनीच लिहून लावलंय की." नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिन्यांत आमच्या तीनच गाड्या विकल्या गेल्या. खरं लिहिलं त्याचीच आम्हाला शिक्षा झाली. सहा वर्षं झाली तरी हे माझ्या घशातून खाली उतरलेलं नाही, आणि उतरावं असं मला वाटतही नाही.

त्या तीनपैकी दोन गाड्या गुरुजींमुळं गेल्या. डिसेंबरात ते आपल्या शाळेतल्या दोघांना घेऊन आले, गेटवर त्या पोरांनी अडवलं तर म्हणाले, "माझी गाडी दहा वर्षं ह्यांच्याकडची आहे, तुमची कुणाची असेल तर दाखवा." मिस्त्रींनी त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली.

२०२१ च्या जानेवारीत शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा एक माणूस गाडी विकायला आला. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली, वर्षभरात तीनदा रस्त्यात बंद पडलेली. कुठून घेतली ते त्यानं सांगितलं, मला ते ऐकायची गरज नव्हती. मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. नेहमीच्या वापरात बाहेर येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता, त्याच्या पुढचा हातभर पट्टा करडा, कडेला गाळाची बारीक ओळ. सीटच्या रुळाचे बोल्ट तांबडे. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं तर रेती. तो माणूस माझ्या बोटाकडं बघत राहिला. मी त्याला काय देणार होतो? मिस्त्रींनी पदरचं वायरिंग टाकून गाडी चालू करून दिली आणि विकू नका, शिरोलीपर्यंतच चालवा म्हणाले. म्हणून सांगतो, सीटबेल्ट पूर्ण ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी कितीही चकचकीत असली तरी आधी बेल्ट ओढा, मग किंमत विचारा.

लॉकडाऊननंतर लोकांना स्वतःची गाडी हवी झाली आणि आम्ही सावरलो. जुलै २०२१ ला परत पूर आला, तेव्हा ३९ फुटांनाच यार्ड रिकामं केलं होतं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृत नोंद घ्यायची, गाडी ताब्यात आली की ऑनलाइन कळवायचं, असा नियम आला. हा नियम दहा वर्षं आधी यायला हवा होता. विकणाऱ्यालाही माझं सांगणं आहे : नाव ट्रान्सफरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून कोरे देऊ नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी विकून चार वर्षं झाली आणि अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात आली, असं आमच्या ओळखीत घडलंय. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. बेळगाव, चिकोडीकडची केए (कर्नाटक) पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण इकडं आणून रोड टॅक्स भरायचा असतो, तो धरून बेरीज करा.

गाडी दाखवायला आम्ही चौकात फेरी मारत नाही. पन्हाळ्याला नेतो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, आणि मग चढ. त्याआधी बोनेटवर हात ठेवायचा, इंजिन गार पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे सकाळच्या स्टार्टला काहीतरी लपवलंय. चढाला एसी लावून तिसऱ्या गिअरवर न्यायची, टेम्परेचरचा काटा बघायचा. उतरताना न्यूट्रल करायची नाही, गिअरवरच सोडायची. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स उतरवायला आली. उताराच्या शेवटी एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मागच्या माणसानं सायलेन्सरकडं बघायचं. निळा धूर सुटला तर वाल्व्ह सील गेले, ऑइल पिणार. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर जुन्या डिझेलच्या नादाला लागू नका, पेट्रोल घ्या.

गुरुजी आता निवृत्त झालेत. २०१५ ला आणि २०२२ ला त्यांनी आमच्याकडूनच गाडी बदलली. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला, इचलकरंजीला नोकरी लागलीय, बजेट तीन लाख. २०१७ ची वॅगन आर काढून ठेवलीय. डाव्या मागच्या दारावर मीटर ३२० दाखवतंय, म्हणजे दार एकदा रंगवलेलं आहे, बाकी गाडी कोरी. तसं वहीत लिहिलंय आणि तिलाही सांगितलंय. रविवारी सकाळी सातला गार इंजिनवर स्टार्ट दाखवायचा आणि मग पन्हाळा. मिस्त्रींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, चुंबक आता मी फिरवतो. पण टॅपेट ऐकायला सहालाच येऊन बसतो, म्हणालेत.