८०० सीसी क्लास: सीझनपूर्व नोंद, वजन, हेड आणि टायर

८०० सीसी गाड्यांच्या शर्यतीची नियमावली आता चार पानांवर आली. ट्रॅकच्या कडेला अर्ध्या तासात जे मोजता येत नाही, ते कलम काढून टाकलं. ‘पोर्टिंग (हेडमधले हवेचे मार्ग घासून मोठे करणं) चालणार नाही’ असं लिहायचं आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) कुणी उघडायचंच नाही, यात फावतं फक्त खिसा जड असलेल्याचं.

वजन. ट्रकचा वजनकाटा बाद. तो ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने सरकतो आणि आपली भांडणं ८ किलोंवरून असतात. त्याऐवजी द्राक्षाचे क्रेट नि कांद्याच्या गोण्या मोजायचे ३०० किलोंचे चार प्लॅटफॉर्म काटे, प्रत्येक चाकाखाली एक. निफाड-पिंपळगावकडे ओळख असेल तर अवघड नाही. एकूण वजनच हवं असेल तर लेव्हलसाठी फार जीव काढू नका. थोड्या उंचसखलपणाने चाकांमधली वाटणी बदलते, बेरीज नाही. मात्र हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये. नाहीतर चाकं काट्यांना आडवं ताणतात आणि आकडा थरथरत राहतो. वजन रन संपल्यावर, ड्रायव्हरसकट. चाकांच्या कमानीतली काळी माती आधी खरवडायची. ओल्या ट्रॅकवर ती काही किलो भरते.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी आणि वर असतानाच्या जागांचं गुणोत्तर. जुन्या अल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन: बोअर ६८.५, स्ट्रोक ७२ मिमी, म्हणजे सिलिंडरमागे २६५.३ सीसी. कमाल ९ : १ ठरवलं, तर टीडीसीला (पिस्टन सगळ्यांत वर असताना) चेंबरमध्ये किमान ३३.२ सीसी जागा हवी. हेडला अर्धा मिमी फेस मारला (तळ घासून काढला) तर जास्तीत जास्त १.८ सीसी जाते आणि रेशो ९.४५ होतो. नाशिकच्या सातपूरला कुठल्याही मशीन शॉपमध्ये होणारं काम, म्हणूनच तपासायचं.

हेड न उघडता: त्या सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बंद, डायल गेजने टीडीसी, गाडी जॅकवर अशी तिरकी की प्लगचं भोक सगळ्यांत उंच. ब्युरेटने पातळ तेल भोकाच्या काठापर्यंत सोडायचं. भोकाच्या आट्यांची जागा (१४ मिमीच्या लांब प्लगला साधारण २.५ सीसी) वजा करायची. हवेचा बुडबुडा अडकला तर तेल कमी मावतं आणि निर्दोष माणूस चोर ठरतो. रिंगांतून गळलं तर उलट, चोर सुटतो. म्हणून तीनदा मोजायचं, रॉकेल वापरायचं नाही, ते रिंगांतून झटकन उतरतं. शेवटी प्लग *काढलेले* ठेवूनच स्टार्टर मारून तेल उडवायचं. प्लग लावून मारला तर रॉड वाकण्याची तयारी ठेवा.

टायर. १४५/८० आर१२, सगळ्यांना एकच मॉडेल, सीझनभरात चार अधिक एक. एकत्र खरेदी, चिठ्ठ्या टाकून वाटप, साइडवॉलवरचा नंबर वहीत. खर्चाला खरा लगाम इथेच बसतो. खाचा कापलेल्या दिसल्या तर डेप्थ गेज.

केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा सांगाडा. इथे काटकसर नाही. मेन हूपला (ड्रायव्हरमागच्या मुख्य कमानीला) सीडीएस, म्हणजे थंड ओढलेला बिनजोड पाइप, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी. फर्निचरचा ईआरडब्ल्यू (वेल्डच्या जोडाचा) पाइप रंगाखाली ओळखू येत नाही, म्हणून स्क्रूटिनी रंगाआधी.

अडलेलं: क्लेम रूल. ठरलेल्या किमतीला कुणीही विजेत्याचं इंजिन उचलू शकतो. प्रस्ताव आहे जुन्या बाजारातल्या चालू इंजिनाच्या दुप्पट किमतीचा. त्याहून वर नेली तर कुणी उचलणार नाही. तसंही पुढच्या रविवारी त्याच टपरीवर चहा प्यायचा असतो. म्हणून क्लेम बंद पाकिटातून घ्यायचा, की आयोजकांनीच चिठ्ठी काढून दोन गाड्यांच्या ईसीयूंची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) अदलाबदल करायची, यावर मतं मागवली आहेत.