शनिवारच्या रात्रीच्या साक्षी

आमच्या ख्रिस्ती मंडळीची संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागा करायची सभा, दरवर्षी जानेवारीच्या शेवटी भरते, शुक्रवार ते रविवार. नगरकडची थंडी, चर्चच्या आवारात मंडप, खाली सतरंज्या. उद्घाटन, पाहुण्यांचा परिचय, शाल, अहवाल हे सगळं यथासांग होतं. महिला संघाची चिटणीस म्हणून अठरा वर्षं तो अहवाल मीच वाचला. पण सभा म्हटलं की मला शनिवारची रात्रच आठवते. जेवणं उरकली की रेव्हरंड टिळकांची पदं, मग बायबलमधलं वचन आणि मग साक्षी, म्हणजे ज्याने त्याने उठून आपलं काय चुकलं, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

रविवारी प्रीतिभोजनाला चारशे पानं उठतात आणि शनिवारी रात्री सत्तर माणसं मोजताना पुरेवाट होते, याचं मला फार वाईट वाटतं. थंडी सगळ्यांनाच असते. ज्या रात्रीसाठी सभा घ्यायची, तीच लोक चुकवतात.

वक्ते नाना तऱ्हेचे आले. काहींनी दारू, भांडणं, हुंडा यांवर दोन दोन तास झोडपून काढलं. लोक माना डोलवायचे आणि मनातल्या मनात शेजाऱ्याचं पाप मोजायचे. मीही मोजलं आहे. साक्षीची वेळ आली की मात्र सगळे गप्प.

एका वर्षी एक निवृत्त पाळकसाहेब आले. गुडघे दुखत होते, म्हणून खुर्चीवर बसूनच बोलले. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ एवढ्यावरच थांबले आणि आधी त्या राजाची हकीगत सांगितली. ५२ वर्षं राज्य केलेला, विहिरी खणणारा, शेतीची आवड असलेला राजा. शेवटी गर्वाने फुगून धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरला आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. मोशेच्या नियमाप्रमाणे कोडी माणसाने ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं असे. आता यशया त्याच मंदिरात उभा आहे. सराफीम नावाचे देवदूत पंखांनी तोंड झाकून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणताहेत, उंबरठे हलताहेत, धूर भरलाय. आणि संदेष्टा म्हणतो काय, तर मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे. “त्याचे ओठ म्हणजे त्याचा धंदा होता,” पाळकसाहेब म्हणाले. “ज्याच्यात तो सगळ्यांपेक्षा सरस, तेच त्याला मळलेलं दिसलं. कोणी त्याला पापी म्हटलं नव्हतं. त्याने फक्त देव पाहिला.” मग वेदीवरचा निखारा, चिमटा, ओठांना झालेला स्पर्श हे त्यांनी नुसतं वाचलं. पुस्तक मिटलं आणि डोळेही मिटले. कनातीची फडफड तेवढी ऐकू येत होती.

मागून आमचा रतीबवाला उठला. मफलर हातात गुंडाळलेली. म्हणाला, “पहाटे चार वाजता हापशावर किटलीत पाणी घालतो. सहा वर्षं झाली. घालताना चर्चकडे पाठ करून उभा राहतो.” एवढंच बोलला आणि खाली बसला. बायबलमधल्या जक्कया जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत केलं होतं, तेवढी याची ऐपत नव्हती. पण दुसऱ्या सोमवारपासून प्रत्येक घरी मापावर आणखी पाव लिटर ओतायला लागला. पुढच्या सभेपर्यंत रोज. माझ्या सासूबाई पातेलं धरून म्हणायच्या, “अरे, पुरे.” तो म्हणायचा, “मावशी, हे तुमचंच आहे.”

त्या रात्री माझ्याने बसवेना. विहिरीच्या पाळीवरून धाकट्या जावेशी माझं नऊ वर्षं बोलणं बंद होतं आणि सलोख्यावरचा अहवाल मी माईकवर वाचत होते. माझेही ओठच ते. मागे गेले तर ती राखेने काहील घासत होती. “चूक माझी होती,” म्हटलं. तिने वर पाहिलं नाही. “जाऊबाई, आधी त्या बाजूनं काहील धरा,” म्हणाली. आम्ही ती घासली, पालथी घातली आणि मग दोघी रडलो.

घरोघरी बायबल सांगणाऱ्या आमच्या बायबलबाईंच्या सासूबाई केडगावच्या मुक्तीत वाढलेल्या. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात मुली आपणहून पापं कबूल करत रडल्या, प्रार्थना करत राहिल्या. ती हकीगत बायबलबाई दर सभेत सांगतात आणि मला दरवेळी नवी वाटते.

आता ज्यांच्या जिवावर सभा उभी राहते, त्यांच्याबद्दल. मंडपवाले मामा, ते अर्धेच पैसे घेतात. पेटीवर निवृत्त मास्तर, ढोलकीला त्यांचा नातू. सतरंज्या झटकणारा तरुण संघ. भाकऱ्यांना बसणाऱ्या वरच्या आळीच्या सगळ्या बाया आणि खालच्या आळीच्याही, गेल्या वर्षी त्यांचं नाव अहवालात राहिलं होतं. पाण्याचा टँकर देणारे सरपंच, ते आपल्या मंडळीचे नसूनही. माईकवाला मुलगा. चपला सांभाळणारे आजोबा, ते आता नाहीत. आणि तिन्ही दिवस चहाचं दूध रतीबवाल्याच्या घरून येतं, त्याचे पैसे तो घेत नाही.

यंदाही शनिवारी रात्री साडेआठला सुरुवात आहे. घोंगडी घेऊन या.