नांदूर मध्यमेश्वर, ममदापूर आणि दाजींचा न सुटलेला बाण

नांदूर मध्यमेश्वरला लोक पक्षी बघायला जातात. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो, पण दिवसभर बोललो हरणाच्या फासळ्यांवर. कारण सोबत दाजी होते.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. मूळचे सिन्नरचे, आता कित्येक वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला. तिथे ते दर हिवाळ्याच्या तोंडावर धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. घरात हा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. मलाही हा छंद पटत नाही, आणि पुढचं सगळं लिहूनही तो पटलाय असं नाही.

जानेवारीतली सकाळ, त्यात निफाडची थंडी. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचं नाव उगाच येत नाही. गाडीची काच खाली करायची कोणाची हिंमत नव्हती. धरणावर पोचलो तर धुकं. दुर्बीण भाड्याने घेतली आणि त्यातून धुकंच मोठं करून पाहिलं. ऊन आल्यावर मग जांभळ्या पाणकोंबड्या, चमचा पक्षी, बदकांचे थवे असं सगळं दिसलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे हे, बघण्यासारखंच आहे. पण पक्ष्यांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक पुष्कळ आहेत.

मी अडकलो तो मृगव्याधेश्वराच्या देवळापाशी. रामाने सुवर्णमृगाचं रूप घेतलेल्या मारीचाला इथेच बाण मारला, अशी आख्यायिका आहे. पंचवटीतून निघालेलं हरीण इथवर पळालं म्हणायचं. मी कौतुकाने दाजींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पळत्या हरणावर? मी नसता सोडला."

मला वाटलं गंमत करतायत. पण ते गंभीर होते. पायरीवर बसून त्यांनी काडीने मातीत हरीण काढलं, आडवं उभं, आणि पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या अर्ध्यात एक गोल काढला. "नाश्त्याच्या बशीएवढी जागा. आत दोन्ही फुफ्फुसं आणि हृदय. बाण इथेच गेला पाहिजे, नाहीतर सोडायचाच नाही."

बंदुकीच्या गोळीला धक्का असतो, बाणाला तो जवळजवळ नसतोच. बाण मारतो तो कापून आणि रक्तस्राव करून. म्हणून पातं वस्तऱ्यासारखं धारदार हवं, आणि ते दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जायला हवं. तसं झालं तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. हरीण आडवं उभं असेल तर मारायचं. आपल्याकडे पाठ करून थोडं तिरकं उभं असेल तर आणखी बरं, कारण बाण मागच्या फासळ्यांतून शिरून पलीकडच्या पुढच्या खांद्याकडे जातो. समोरून तोंड करून उभं असेल तर नाही, कारण मध्ये खांद्याचा फरा येतो. पाठमोरं असेल तर अजिबात नाही. डोकं आणि मान कधीच नाही. जनावर सारखं हलतं आणि जबडा फुटून दिवसेंदिवस तडफडत राहतं.

"आणि पोटात लागला तर?" मी विचारलं.

"तर सगळ्यात वाईट. बाणावर हिरवट घाण दिसते, वास येतो. मागे धावायचं नाही. आठ-दहा तास थांबायचं. लगेच गेलास तर ते मरत मरत मैलभर लांब जातं आणि सापडतच नाही. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, तेव्हा अर्धा तास पुरतो. गडद लाल असेल तर यकृत, चार-पाच तास."

मला आदल्या रात्रीची गच्ची आठवली. लहानपणी अण्णांनी दाखवलेलं मृग नक्षत्र मी भाच्याला दाखवत होतो. चार पाय, मधल्या तीन तारका म्हणजे बाण, आणि खाली लखलखणारा व्याध. आपण सगळे तो बाण मृगाच्या पोटातच दाखवतो. हे सांगितल्यावर दाजी मनापासून हसले. "त्या व्याधाला अजून हरीण सापडलेलं नाही ते म्हणूनच!" रामायणातला बाण मात्र थेट मारीचाच्या हृदयात घुसतो. एवढ्यावर दाजींनी रामाला माफ केलं.

मग गाडीत विंचूरपर्यंत धनुष्यपुराण. लासलगावकडे वळणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती, त्यामुळे वेळ होताच. त्यांचं धनुष्य चाकांचं, कंपाउंड. पूर्ण ओढल्यावर हाताला ओझं फार कमी लागतं, त्यामुळे हरीण वळेपर्यंत थांबता येतं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात धनुष्याची ताकद किमान ३० पौंड लागते. ते ५५ पौंडांवर ठेवतात. ७० का नाही? "थंडीत, मचाणावर बसून, कसलीही झटापट न करता शांतपणे ओढता येईल तेवढंच वजन घ्यायचं. मोठेपणा मिरवायला जिम आहे." सराव साध्या टोकाच्या बाणांनी करून शिकारीला पात्यांचे बाण घ्यायचे, हेही त्यांना मान्य नाही. पात्यांचा बाण हवेत वेगळा जातो, म्हणून शेवटचा सराव पात्यांच्याच बाणांनी करायचा.

अंतराबद्दल तर ते हट्टीच आहेत. २० यार्ड, फार तर २५. मैदानात ते ५० यार्डांवरून नेम धरतात, पण हरीण म्हणजे थर्माकोल नव्हे. दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ चौपट वेगाने जातो. तो ऐकून हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. ४० यार्डांवर बाण पोचायला अर्ध्या सेकंदाच्या जवळपास लागतो. तेवढ्यात छातीचा नेम पाठीवर जातो.

"गेल्या मोसमात काय मारलं?" मी विचारलं.

"काही नाही. एक मोठा नर आला होता, तासभर समोर होता. तिरका, तोंड माझ्याकडे. वळलाच नाही."

ताई मागून म्हणाली, "आणि हे घरी येऊन चार दिवस तेच सांगत होते."

येवल्याला पैठणी बघायची ठरली होती. दाजींनी ती परतीवर ढकलली, कारण हरणं संध्याकाळी बाहेर पडतात. ममदापूरच्या, काळविटांसाठी राखीव असलेल्या माळावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी माद्या दिसल्या, तपकिरी, बिनशिंगांच्या. मग एक काळवीट, पीळदार शिंगं मागे टाकून उभं. शास्त्राप्रमाणे ते हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं कायमची असतात, दाजी ज्याची शिकार करतात त्या व्हाइटटेल हरणाची दरवर्षी गळतात. काळवीट बरोबर आडवं उभं होतं. दाजी पुटपुटले, "परफेक्ट." मला शहारा आला, आणि थोडा रागही.

तेवढ्यात एक पांढरी गाडी रस्ता सोडून माळात घुसली. सनरूफमधून एक जण कॅमेरा घेऊन उभा. कळप पळाला, गाडी मागे. कळप वळला, गाडीही वळली. उड्या मारतानाचा फोटो हवा होता त्यांना. एक पिल्लू मागे पडलं तरी थांबले नाहीत. अंगावर धूळ घेऊन दाजी चक्क गाडीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, फोटोच काढतोय, बंदूक थोडीच आहे!"

मग मी पुढे झालो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, जनावर हाकणं आणि त्याचा पाठलाग करणंही येतं. काळवीट त्यातल्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. हे सगळं मी ठासून सांगितलं. उत्तर आलं, "आपली ओळख आहे." त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावायचा कायदा केला, हे दाजींनी ऐकवलं, पण ते ऐकायला तिथे कोण थांबणार!

गुरं हाकत चाललेले एक शेतकरीबाबा मजा बघत उभे होते. "पाव्हणं, फोटू काढून तुमी जाता. रातच्याला हरभरा आमचा खात्यात," एवढं बोलून ते गुरांमागे गेले. त्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

वनविभागाचा माणूस शोधून त्याला गाडीचा नंबर देईपर्यंत अंधार पडला. येवल्यात पैठणीचं दुकान बंद झालं होतं. ताईने त्याचा दोष पांढऱ्या गाडीला नाही, दाजींना दिला, आणि चांदोरीपर्यंत ती कोणाशीही बोलली नाही.