फ्रिजचा दिवा आणि लेझरचं झाकण

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून सेकंडहँड के-फॉर्टी घेतलं, म्हणजे छोटं लेझर कटिंग मशिन. पत्र्याचा निळा डबा, आत ४० वॅटची सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, लेझर ट्यूब. विकणारा म्हणाला, "सगळं बंद आहे साहेब, क्लास वन मशिन." धायरीच्या फ्लॅटवर आणून मखरासाठी ३ मिमी एमडीएफ कापायला घेतलं आणि नीट कापतंय का बघायला चालू कामातच झाकण उचललं. कापणं थांबलंच नाही. हा किरण १०.६ मायक्रॉनचा, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. लाकडावर पळणारा जळका ठिपका तेवढा दिसतो. झाकण आपटलं आणि भिंतीवरचा स्विच बंद केला.

मग वाचायला बसलो. आयईसी ६०८२५-१ या लेझर-सुरक्षेच्या मानकात क्लास वन सगळ्यात सुरक्षित, क्लास फोर सगळ्यात धोक्याचा. अर्ध्या वॅटच्या वर सरळ क्लास फोर, आणि माझी ट्यूब ४० वॅटची. तरीही आत क्लास फोर असलेलं मशिन बाहेरून क्लास वन ठरू शकतं, कारण वर्ग आत काय आहे यावर नाही, वापरणाऱ्यापर्यंत काय पोचतं यावर ठरतो. पण त्यासाठी झाकण उघडताच किरण बंद व्हायला हवा. माझ्या झाकणाला साधं बटणही नव्हतं. विकणाऱ्याचं क्लास वन झाकण लावलेलं असेपर्यंतच खरं होतं!

एका शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन रोलरवाले दोन मायक्रोस्विच आणले. प्लग काढून तासभर थांबलो. ट्यूबकडे जाणाऱ्या जाड लाल वायरीत पंधरा-वीस हजार व्होल्ट खेळतात, तिच्या वाटेला जायचंच नाही. माझ्या पॉवर सप्लायवर डब्ल्यूपी आणि जी अशी दोन टोकं आहेत. ती जोडलेली असतील तरच लेझर पेटतो. ट्यूब थंड ठेवणारं पाणी थांबलं की लेझर तोडणारा फ्लो-स्विच तिथे आधीच होता. त्याच्याच रांगेत झाकणाचे दोन्ही स्विच, एकामागे एक, घालायचे ठरवले.

स्विचला तीन पाय : कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनला जोडला जाणारा), एनसी (दाबल्यावर तुटणारा). इमर्जन्सी बटण नेहमी एनसीवर जोडतात हे कॉलेजात पाठ केलेलं, म्हणून मी बिनधास्त एनसीवर सोल्डर मारला. वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर कंपनीच्या मेंटेनन्समध्ये होते. प्लग काढलेलाच होता. त्यांनी वायरी सप्लायपासून सोडवल्या, मल्टिमीटर लावला आणि झाकण उघडलं. मीटर बीप करायला लागला. झाकण मिटलं, मीटर गप्प.

"अरे, हे तर फ्रिजच्या दिव्यासारखं केलंयस. दार उघडलं की चालू!"

माझं डोकं गरम झालं, पण त्यांचंच बरोबर होतं. मिटलेलं झाकण स्विच दाबून ठेवतं, म्हणून इथे एनओ हवं. वायर तुटली तरी लेझर बंदच राहतो. काकांनी एक वायर मुद्दाम उपटून ते दाखवलंही. स्विच दोन कशाला, तर एकाचा संपर्क चिकटला तरी दुसरा तोडतो. शिवाय एक स्विच मी कधीतरी बोटाने दाबून धरणारच, स्वतःला मी ओळखतो. दुसरा मुद्दाम मागच्या कोपऱ्यात बसवला, तिथे हात पोचत नाही.

झाकणातल्या खिडकीचं काम सोपं निघालं. सीओटूचा किरण साधं पारदर्शक ॲक्रिलिकही शोषतं. मित्राने त्याच्या निळ्या डायोड लेझरचा नारिंगी चष्मा देऊ केला होता. तो ४५० नॅनोमीटरसाठीचा, माझ्या मशिनला त्याचा भरवसा नाही. उलट त्याच्या मशिनला माझी पारदर्शक खिडकी चालणार नाही, निळा किरण तिच्यातून थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाईल. शेवटी झाकणावर स्टिकर चिकटवला : 'आत क्लास फोर, स्विच बायपास करू नये'. क्लास वन लिहिलं नाही, कारण मी घरी बसून तसं ठरवू शकत नाही.

पहिली खरी परीक्षा भाच्याने घेतली. मखराचा हत्ती अर्धा कापून झाला असताना त्याने "मामा, बघू" म्हणत झाकण उचललं. किरण तत्क्षणी बंद. पण हे स्विच फक्त लेझर तोडतात, मशिन चालवणाऱ्या बोर्डाला त्याची खबर नसते. कापणारं लेझरचं डोकं आपलं रिकामंच फिरत राहिलं आणि हत्तीचा एक कान कापायचा राहून गेला. तो मी रात्री कटर ब्लेडने काढला. जवळून बघितलं की अजून कळतो.